उन्हाच्या बाजूची खिडकी

सोमवार, ६ एप्रिल २०२६

नोव्हेंबरनंतर या वहीत एक ओळ नाही. माफी मागायची तर कुणाची, हा प्रश्नच आहे, कारण माझ्याशिवाय ही वही कुणी वाचत नाही. तरी मागते. मार्चअखेरचं काम, रोजे, मग ईद ही कारणं खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. सगळं सुरळीत असलं की मी लिहीत नाही, हे खरं कारण. आज लिहायला बसले आहे.

अब्बा सोमाटण्याला यायला नाही म्हणतात.

जानेवारीत हो म्हणाले होते. इरफानने, माझ्या धाकट्या भावाने, सोमाटणे फाट्याजवळ मोठा फ्लॅट घेतला. त्याचं गॅरेज परंदवडीला, त्यामुळे त्याला ते सोयीचं. अब्बांसाठी एक खोली, मला एक. एक मे ही तारीख ठरली. अब्बा शहात्तर वर्षांचे आहेत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि मी कामावर गेल्यावर दिवसभर या घरात एकटे असतात. मागच्या पावसाळ्यात न्हाणीघरात घोणस निघाली होती. आणखी कारण काय हवं?

काल इरफान आला तर त्याला म्हणाले, "मी न्हाई येत. तुमी जावा."

"का पण, अब्बा? काय अडलंय इथं?"

"हितं काम हाय माझं."

सोळा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाचं काम. इरफान माझ्याकडे बघत राहिला. मीच त्यांना काहीतरी शिकवलं आहे, असा त्याचा चेहरा होता.

बुधवार, ८ एप्रिल

अब्बा रेल्वेत गेटमन होते. आमच्या घराजवळचं फाटक आता बंद झालं आहे, शेजारून भुयारी रस्ता गेला. फाटकावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथून हाकेच्या अंतरावर हे घर बांधलं. रुळांच्या बाजूला मोठी खिडकी ठेवली आणि खिडकीत रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरची बैठक करून घेतली. दोन माणसं पाय वर घेऊन बसतील एवढी रुंद. अम्मी होती तोवर दोघं तिथे बसून चहा प्यायची. आता अब्बा एकटे बसतात. "दिवसभर रूळच बघायचे होते तर निवृत्त कशाला झाला?" असं अम्मी म्हणायची.

आज संध्याकाळी शालूबाई भेटली. पलीकडच्या शेतात तिची कोथिंबीर आहे. भारा उतरवून हळूच म्हणाली, "बानूताई, एक बोलू का? राग न्हाई ना धरायच्या?"

"बोल की."

"अब्दुलआबा रोज सकाळी खिडकीत हिरवी झेंडी धरत्यात. साडेआठची लोकल आली की. दुसऱ्या कुठल्या गाडीला न्हाई, त्येवढ्याच."

"जुनी सवय असेल."

"मलाबी तसंच वाटलं. पर बायकांच्या डब्यातनं कुनीतरी हात करतंय त्यास्नी. पिवळी वढणी हालवतंय." मग तोंडाला पदर लावून हसली. "आता या वयात काय म्हनावं!"

मी हसले नाही. साडेआठची लोकल म्हणजे माझीच गाडी.

गुरुवार, ९ एप्रिल

मी चिंचवडला विमा कंपनीच्या कचेरीत गाड्यांच्या अपघाताचे दावे तपासते. माणूस सांगतो एक आणि गाडीवरचा पोचा सांगतो दुसरं, हे रोज बघते. त्यामुळे मला संशय लवकर येतो. तो घरी आणू नये असं मी ठरवलेलं आहे. पण जे कळलं ते कळलंच.

सकाळी निघताना विचारलं, "अब्बा, मी गेल्यावर काय करता हो?"

"काय करायचंय? बसतो."

"झेंडी कुठे असते तुमची?"

"आसंल की कुटंतरी."

ती झेंडी अम्मीने शिवलेली आहे. नोकरीतल्या दोन्ही झेंड्या जमा कराव्या लागल्या तेव्हा अब्बा चार दिवस गप्प होते, म्हणून तिने जुन्या परकराच्या कापडाची हिरवी शिवून दिली. लाल शिवली नाही. मला वाटत होतं, ती ट्रंकेत असेल. ट्रंकेत नाही. बैठकीच्या उशाखाली आहे. मी उशी परत जशीच्या तशी ठेवली. स्वतःच्या वडिलांची उशी उचलून बघणारी मुलगी, हेही इथे लिहून ठेवते.

दुसरीही भीती आहे. आमच्या घराच्या खिडकीतून रोज एकाच गाडीला हिरवं कापड दाखवलं जातं, हे उद्या भलत्याच माणसाच्या डोळ्यांवर आलं तर तो त्यातून काय अर्थ काढेल? शालूबाई हसून मोकळी झाली. सगळे हसणार नाहीत.

शुक्रवार, १० एप्रिल

गाडीत लक्ष ठेवायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

रुपाली लोणावळ्याला चढते आणि माझ्यासाठी उजवीकडच्या खिडकीवर रुमाल टाकते. मळवलीला मी चढले की तिने रुमाल उचलायचा आणि मी बसायचं, असं सात वर्षं चाललं आहे. ती सावलीची बाजू. डावीकडे ऊन तोंडावर येतं, तिथे कॉलेजच्या मुली चेहऱ्याला ओढण्या गुंडाळून बसतात. आमचं घर डावीकडे येतं. मळवली सुटल्यावर वळणाच्या आधी, तीन-चार मिनिटांत. पण तेव्हा मधल्या जागेत बायका उभ्या असतात, पलीकडचं काही दिसत नाही. शिवाय रुपाली नेमकी तेव्हाच डबा उघडते.

मी उठून मान उंचावून बघायला लागले तर ती म्हणाली, "काय गं, उतरायचंय का कुठे? बस खाली. उठलीस तर जागा जाईल, मग माझ्या रुमालाला दोष देऊ नकोस. तो बिचारा सात वर्षं तुझ्यासाठी मळतोय."

बसले. तेवढ्यात गाडी वळणावर गेली होती.

रविवार, १२ एप्रिल

आज घरी होते. साडेआठची गाडी गेली तेव्हा अब्बा ओट्यापाशी लसूण सोलत होते. खिडकीकडे गेलेसुद्धा नाहीत. मी मुद्दाम म्हटलं, "गाडी गेली वाटतं."

"जाऊ दे," म्हणाले.

शालूबाईला विचारून आले. रविवारी ते कधीच झेंडी धरत नाहीत. याचे दोन अर्थ निघतात. एक, मी घरी असताना ते हे लपवतात. दुसरा, त्या ओढणीवालीला रविवारी सुट्टी असते. म्हणजे ती नोकरी करणारी आहे, रोज ठरलेल्या वेळेची गाडी पकडणारी आहे, तरुण नसावी. कचेरीतली कुणीतरी. लोणावळ्याहून येत असेल किंवा आमच्या मळवलीलाच चढत असेल.

मंगळवार, १४ एप्रिल

सुट्टी. मी घरी. झेंडी नाही.

दोन्ही अर्थ अजून तसेच उभे आहेत. पण मला दुसरा जास्त खरा वाटतो, कारण त्यांच्या चेहऱ्यावर लपवणाऱ्याची चुळबुळ नव्हती. उलट खुशीत होते. दुपारी मला म्हणाले, "बानू, आज तू हायस तर मटण कर की."

आणि जेवताना, एकदम, "पिवळी वढणी बरी दिसती तुला. लांबनं बी कळती."

माझ्याकडे पिवळी ओढणी नाही. राखाडी, निळी आणि एक काळी. मी त्यांना रस्सा वाढला. बोलणाऱ्याला मध्ये थांबवलं की तो सावध होतो, हे कामावर शिकले आहे. पण ते पुढे काही बोललेच नाहीत. रस्सा भातावर घेतला आणि जेवत राहिले.

ते मला आणि तिला एक करायला लागले आहेत का? वयाने होतं असं. पण मग ही गोष्ट डॉक्टरची आहे, की लाजेची? अम्मीला जाऊन पाच वर्षं झाली. त्यांना कुणाशी बोलावंसं वाटलं तर मला वाईट का वाटावं? वाटतं, हे मात्र खरं. मी सात वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून इथे आले, तेव्हा त्यांनी कारण विचारलं नव्हतं. आता त्यांच्याकडून एवढ्याशा गोष्टीचा हिशेब मागणारी मी कोण?

तरीही त्या बाईपायी ते घर सोडत नाहीत, असं दिसतं. पुढच्या पावसाळ्यात घोणस न्हाणीघरात न निघता बैठकीखाली निघाली तर ती बाई गाडीतून उतरून येणार आहे का?

शुक्रवार, १७ एप्रिल

अब्बांचं काल-आज जेवणात लक्ष नाही. काल दाराशीच विचारलं, "बरी हायस न्हवं? हाफिसात काय झालं का?" आज पुन्हा तेच. शेवटी मी वैतागून म्हटलं, "मला काय धाड भरलीय? तुम्हीच जेवत नाही." मग कपाळाला हात लावून ताप बघितला. माझ्या कपाळाला.

शालूबाईचा अहवाल : दोन दिवस पिवळी ओढणी नाही. "आबा झेंडी धरून बसले ते गाडी गेली तरी बसूनच. लय वाईट वाटलं बघा."

झुरत आहेत, दुसरा शब्द मला सुचत नाही.

रविवार, १९ एप्रिल

इरफान आणि त्याची बायको रुमाईसा आले होते. मी शालूबाईचं सगळं त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं. पण एक मे जवळ आला आहे आणि इरफानला नकाराचं कारण हवं होतं.

रुमाईसाला हसू आवरेना. "अब्बाजींना साथीदार मिळाली तर बरंच आहे की, आपा. तिलाही सोमाटण्याला घेऊन येऊ. खोली मोठी आहे."

इरफान तापला. "हसण्यावारी नेऊ नकोस. उद्या रेल्वे पोलीस दारात उभे राहिले तर? चालत्या गाडीला कापड दाखवतो म्हातारा! ती झेंडी काढून घे, आपा. झेंडी नसली की खेळ बंद. खेळ बंद झाला की येतील."

मला ते पटलं. नीट लिहिते : मला ते पटलं, कुणी भाग पाडलं नाही. अब्बा दुपारी झोपले तेव्हा उशाखालून झेंडी काढली आणि माझ्या कपाटात चादरींच्या खाली ठेवली. काठी जिथे हात धरतो तिथे गुळगुळीत झाली आहे.

रुमाईसाने मला फ्लॅटचे फोटो दाखवले. अब्बांच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाण्याचे पाइप दिसतात. खिडकीत बसायला जागा नाही, खाली फक्त लोखंडी जाळी आहे, कपडे वाळत घालायला.

सोमवार, २० एप्रिल

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

नेहमीप्रमाणे निघाले. अब्बा उशी उलटीपालटी करत होते. "काय शोधताय?" मी विचारलं. विचारताना माझा आवाज स्वच्छ होता. खोटं बोलणारे असेच बोलतात, रोज ऐकते मी.

"काय न्हाई. जा तू, गाडी चुकंल."

मळवलीला चढले, रुपालीने रुमाल उचलला, मी बसले. गाडी सुटली. रुपालीने पोह्यांचा डबा उघडला. वळणाच्या थोडं आधी डाव्या बाजूने एक मुलगी एकदम ओरडली, "अगं, आजोबा बाहेर आलेत!"

बायका तिकडे वळल्या. मी उभी राहिले, पण तोवर मागे गेलं होतं सगळं.

"कोण आजोबा?" कुणीतरी विचारलं.

"ते बंद फाटकापाशी राहतात ना, झेंडीवाले. रोज खिडकीत असतात. आज घराबाहेर होते, अगदी कुंपणाच्या तारेला चिकटून. झेंडीच नव्हती. एक हात असा आडवा धरून उभे होते." तिने हात खांद्यापासून ताठ बाहेर काढला. हातावरून पिवळी ओढणी लोंबत होती.

मी बायकांच्या मधून वाट काढत तिच्याजवळ गेले. वीसेक वर्षांची मुलगी, मांडीवर पांढरा कोट. याच डब्यात मी तिला कितीदा पाहिलं असेल. ती ही असेल असं मनात आलं नाही, कारण मी चाळिशीच्या पुढची बाई शोधत होते.

"तू हात करतेस त्यांना?"

"हो. का हो काकू?"

"कशासाठी?"

ती गोंधळली. "काही नाही, असंच. तीन वर्षांपूर्वी, फर्स्ट इयरला होते तेव्हा एकदा दिसले. एवढी भरलेली गाडी जाते आणि कुणीच बघत नाही त्यांच्याकडे. मला कसंतरी झालं, म्हणून हात केला. मग दुसऱ्या दिवशीही केला. आता नाही केला तर चुकल्यासारखं वाटतं. गेल्या आठवड्यात परीक्षेमुळे दोन दिवस आले नाही, तर आल्यावर ते अर्धे खिडकीबाहेर आले होते बघायला." मग म्हणाली, "तुम्ही ओळखता त्यांना?"

"हो," मी म्हटलं. कोण आहेत ते सांगितलं नाही. नाव विचारलं. कोमल.

कामशेतला उतरले. कचेरीत फोन केला, रिक्षा केली. मागून रुपाली ओरडत होती, "बानू, अगं डबा तरी घे!"

अब्बा ओट्यावर बसले होते. तारेने दंडावर ओरखडा उठला होता आणि शालूबाई त्यावर हळद दाबत होती. मला बघून अब्बा घाबरले. "का गं, परत का आलीस? गाडीला काय झालं का?"

"गाडीला काय होणार? तुम्ही रुळाकडे कशाला गेलात?"

"तारंच्या अल्याडच व्हतो. झेंडी सापडंना. म्हटलं, नुसता हात दाखवू. हात आडवा ताठ धरला की त्यो बी हिरवाच असतो. कायद्यात हाय तसं."

"कशासाठी पण, अब्बा? तुमचं फाटक बंद होऊन किती वर्षं झाली."

माझ्याकडे असे बघत राहिले, जसं मीच काहीतरी विसरले आहे. "तू असतीस न्हवं त्या गाडीत. चाकं बघायची, कुटं ठिणगी उडती का, खाली काय लोंबतंय का. शेवटच्या डब्यापतोर बघायचं. समदं ठीक आसंल तर हिरवी दाखवायची. नजर पयल्यावानी न्हाई राहिली, म्हणून आता कानानं बघतो. चाकाचा आवाज कळतो मला." मग जरा हसले. "तू हात केलास की मी चहा ठेवतो. आजबी केलास की. लांब व्हती, पर वढणी दिसली."

शालूबाई माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"तुमी समदे तिकडं गेल्यावर," अब्बा म्हणाले, "सोमाटण्यास्नं गाडी दिसती का?"

"नाही, अब्बा."

"मंग?"

झेंडी कपाटातून काढून त्यांच्या हातात दिली. कुठे होती हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

सोमवार, संध्याकाळ

जुन्या वह्या काढल्या. मी त्यांना कधी सांगितलं असेल की मी त्या खिडकीत बसते? आठवत नव्हतं, आणि आठवत नाही म्हणजे घडलं नाही असं मला म्हणता येत नाही. २०१९ची वही. जूनमधली, नोकरी लागल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली ओळ, माझ्याच अक्षरात :

"खिडकी भेटती का, आपल्या घराच्या अंगाची, म्हणून अब्बा रोज विचारतात. आज हो म्हणून टाकलं. म्हणजे प्रश्न संपेल."

संपला होता. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

सात वर्षांचा हिशेब मांडला. कोमलची तीन वर्षं धरली तर आधीची चार उरतात. त्या चार वर्षांत कोण हात करत होतं? कदाचित कुणीच नाही. नुसत्या माझ्या 'हो'वर ते झेंडी धरत राहिले. दाव्यात असं काही सापडलं तर मी लाल पेनने खूण करते.

इरफानचा दोनदा फोन आला. घेतला नाही. एक मेबद्दल त्याला काय सांगायचं, हे आधी मला अब्बांशी बोलल्याशिवाय ठरवता येणार नाही. आणि अब्बांशी बोलायचं म्हणजे पहिल्यांदा तो 'हो' परत घ्यायचा. आज चहा पिताना तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा ते कान देऊन बाहेरची मालगाडी ऐकत होते.

एक सोपा रस्ता आहे. कोमलकडून तिची खिडकी आणि तिची पिवळी ओढणी रोज चार मिनिटांसाठी घ्यायची. अब्बांना काही कळणार नाही. त्यांची सात वर्षं शाबूत राहतील, आणि माझीही. दुपारपासून मी हेच ठरवून बसले होते. पण मग उद्यापासून मी त्यांच्यासमोर कोमलचं सोंग घेऊन बसणार, जसं तिने नकळत माझं घेतलं.

माझी ओढणी राखाडी आहे. त्यांच्या डोळ्यांना ती उन्हात दिसायची नाही. म्हणजे ज्या दिवशी मी पहिल्यांदा खरोखर त्या खिडकीत असेन, त्याच दिवशी संध्याकाळी ते दाराशी उभे राहून माझं कपाळ बघतील आणि विचारतील, आज का दिसली न्हाईस. तेव्हा सगळं सांगावं लागेल. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने माझ्या तोंडून ते निघेल असं वाटत नाही.

उद्या : कोमलकडे मळवलीपासून वळणापर्यंत तिची खिडकी मागायची. ओढणी मागायची नाही.